सॉलिसिटरबाईंचे प्रश्न

सॉलिसिटरबाईंनी धाडलेलं ते पत्र आईला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. व्हिडिओ कॉलवर ती मिरजेच्या घरात पलंगावर बसली होती, चष्मा कपाळावर सरकवलेला, मागे कुकरच्या शिट्ट्या. पत्र जेमतेम अर्ध्या पानाचं. मी माझ्या मुलीला अमुक इतकी रक्कम भेट म्हणून देत आहे. हे कर्ज नाही. ही रक्कम मी परत मागणार नाही. या रकमेमुळे त्या घरात माझा कोणताही हक्क वा हिस्सा निर्माण होणार नाही. मी मनात इंग्रजीतून वाचत होते आणि तोंडाने मराठीत सांगत होते. शेवटच्या वाक्याला माझा आवाज जरा घाईत निघाला. आईने सगळं ऐकून घेतलं. "बरं. सही कुठं करायची?" कॉल संपता संपता मात्र म्हणाली, "परत मागणार नाही हे त्या बाईला कशाला सांगायचं? तुला ठाऊक आहे की." मी काहीतरी उत्तर दिलं, बँकेला लागतं वगैरे. तिला ते पटलं. मला पटलं नाही, आणि पुढचे कितीतरी दिवस ते अर्धं पान डोक्यात खुपत राहिलं.

इंग्लंडात घर घ्यायचं म्हणजे सॉलिसिटर, खरेदीचं काम बघणारा वकील, आलाच. आमच्या सॉलिसिटरबाई तिशीतल्या, ईमेलमध्ये अतिशय गोड आणि प्रश्नांमध्ये अतिशय चिवट. त्यांना प्रत्यक्ष मी अजून पाहिलेलं नाही. घराबद्दल त्या विचारतील अशी माझी तयारी होती. पण पहिले कितीतरी प्रश्न घराबद्दल नव्हतेच, आमच्याबद्दल होते. पैसे कुठून आले? पगारातून साठले असतील तर खात्याचे महिनोनमहिन्यांचे उतारे. आईकडून आले असतील तर आईचा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, तिच्या खात्याचे उतारे, आणि तिच्याकडे ते पैसे मुळात कुठून आले त्याचा खुलासा. २०१७ सालचे मनी लाँडरिंगविरोधी नियम आहेत, त्यात वकिलांवरच ही चौकशी करायची जबाबदारी टाकलेली आहे. न विचारता पैसे घेतले तर उद्या त्यांच्याच गळ्याशी येतं. हे सगळं मला समजत होतं. तरीही आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केलेल्या बाईच्या मुदत ठेवीकडे कुणी असं बोट दाखवलं की आत काहीतरी चरचरतंच.

ठेवींचं निभावलं. निवृत्तीचे पैसे, त्याची आदेशाची प्रत, ठेवीच्या पावत्या, सगळं आईच्या फायलीत क्रमाने लावलेलं होतं. अडलं ते बांगड्यांपाशी. रकमेचा एक भाग तिने पाटल्या आणि बांगड्या मोडून उभा केला होता, मला न सांगता. खात्यात सराफाकडून आलेली रक्कम दिसत होती, तेव्हा सॉलिसिटरबाईंनी विचारलं की हे दागिने विकत घेतल्याची पावती मिळेल का. लग्नात अंगावर आलेल्या, त्याही तिच्या आजीच्या मोडून केलेल्या बांगड्यांची पावती! मला वाटलं आई आता चिडणार. ती चिडली नाही. शाळातपासणी असावी तशी तिने ती मनावर घेतली. वहीच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहून काढलं: कुणाचं सोनं, कधी मोडलं, कधी घडवलं, किती वजनाचं, कोणत्या लग्नात अंगावर घातलं. शेवटी सराफाचं मोडीचं बिल, बँकेतली नोंद आणि माझ्या भाषांतरासकट आईचं ते पान एवढ्यावर सॉलिसिटरबाईंचं समाधान झालं. आज इथल्या कुठल्यातरी कार्यालयाच्या सर्व्हरवर माझ्या पणजीच्या गोठांचा इतिहास जपून ठेवलेला आहे. आमच्या घरात तो याआधी कुणी लिहिला नव्हता. पुढे आईने बँकेत जाऊन परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरला, वर्षाच्या अडीच लाख डॉलरच्या मर्यादेच्या आपण आसपासही नाही याचं तिला हसू आलं, आणि पैसे निघाले.

ते "हक्क नाही" प्रकरण मात्र मी सोडलं नाही. सॉलिसिटरबाईंना विचारलंच, की हे एवढं कडू वाक्य कशासाठी. त्यांनी उत्तरात एक खटला सांगितला. बोलँड नावाच्या गृहस्थाच्या एकट्याच्या नावावर घर होतं, पण घर घेताना बायकोनेही पैसे घातले होते आणि ती तिथे राहत होती. नवऱ्याने तिला न विचारता घर बँकेकडे गहाण टाकलं. कर्ज थकलं, बँक ताबा घ्यायला आली. १९८० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, बँकेला सांगितलं, की या बाईचे पैसे घरात आहेत आणि बाई घरात आहे, तिचा हक्क तुमच्या आधी. कागदावर तिचं नाव नसलं तरीही. तेव्हापासून इथल्या बँका घरात पैसे घालणाऱ्या आणि घरात राहणाऱ्या प्रत्येक माणसाला धसकून असतात. कर्ज देण्याआधीच त्यांच्याकडून लिहून घेतात.

मला तो निकाल वाचून फार बरं वाटलं. आणि लगेच वाईटही वाटलं. कारण न्यायालयाने त्या बाईला जे देऊ केलं, तेच आमच्या घरी मी अर्ध्या पानावर आईकडून काढून घेत होते. तिला काही नको होतं हे खरं. पण नको असणं वेगळं आणि नको असल्याचं लिहून देणं वेगळं, हे ज्याने असा कागद वाचून दाखवला आहे त्याला कळेल.

त्याच्याच पोटात पुढचा प्रश्न होता. घरात तुमच्याखेरीज सतरा वर्षांवरचं कोण राहणार आहे? अशा प्रत्येकाने सही करून द्यायची, की बँकेने घर ताब्यात घेतलं तर मी हक्क सांगणार नाही. आई दरवर्षी काही महिने येणार, व्हिजिटर व्हिसावर. याला राहणं म्हणायचं की नाही? सॉलिसिटरबाईंनी कळवलं की पाहुणे यात धरत नाहीत, रकाना रिकामा ठेवा. मी ठेवला. नवरा म्हणाला, चला, एक सही वाचली. मी आईला हे सांगितलं नाही. तिच्या पैशाने घेतलेल्या घरात ती पाहुणी ठरल्यामुळे आमचं काम सोपं झालं, ही बातमी मिरजेला कशी कळवायची?

घराविषयीचे प्रश्न त्या मानाने मजेचे निघाले. नॉटिंगहॅमच्या बाहेर जुन्या खाणीच्या पट्ट्यात घर, म्हणून कोळसा खाणींचा शोध वेगळा मागवावा लागला. आपल्या दिवाणखान्याखाली कोणी कधी कोळसा खणला होता का, हे इथे रीतसर अर्ज करून कळतं. नगरपालिकेचा शोध, सांडपाण्याचा शोध, पुराचा शोध. आणि चर्चचा! गावच्या जुन्या चर्चच्या एका भागाची डागडुजी करायचा भार काही जमिनींवर मध्ययुगापासून चालत आलेला आहे. २००३ साली वॉरिकशरमधल्या एका जोडप्याला हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की होय, तुमच्या शेताबरोबर हे ओझं आलेलं आहे, भरा. ऑक्टोबर २०१३ नंतर नियम बदलला, नोंदवलेला नसेल तर तो भार नव्या खरेदीदाराच्या डोक्यावर सहसा येत नाही. तरी शोध घेतातच, नाहीतर थोड्या पौंडांचा विमा उतरवतात. देवस्थान इनामाच्या जमिनींच्या भानगडी ऐकत वाढलेल्या माणसाला यात काही नवल वाटत नाही. आमच्या घराच्या नोंदीत १९३६ सालच्या दस्तातली एक अट निघाली, की आवारात डुकरं व कोंबड्या पाळू नयेत. डुकरांचं ठीक आहे. कोंबड्यांचं नवऱ्याला फार लागलं.

विकणाऱ्या आजी एकट्या होत्या, मुलीजवळ राहायला निघालेल्या. त्यांनी भरून दिलेला फॉर्म मी कादंबरीसारखा वाचला. शेजाऱ्यांशी वाद आहे का? नाही. जपानी नॉटवीड ही चिवट वनस्पती आवारात आहे का? माहीत नाही. मागचं कुंपण कुणाचं? 'आम्ही नेहमी दोघं मिळून रंगवतो.' सॉलिसिटरबाईंना हे उत्तर मुळीच चाललं नाही, त्यांनी उलट पत्र पाठवून डावीकडचं की उजवीकडचं ते विचारलं. मग सामानाची यादी: काय ठेवून जाणार, काय नेणार. पडद्यांचे दांडे, दारावरची घंटा, दिवे, न्हाणीघरातला आरसा, इतकंच काय, टॉयलेट रोल अडकवायचा होल्डरसुद्धा. आजींनी जवळपास सगळ्यांपुढे 'ठेवणार' अशी खूण केली होती. बागेतल्या एका गुलाबापुढे मात्र 'नेणार'. त्या एकट्या गुलाबाचं त्यांनी समासात लिहिलं होतं.

आधी एक फ्लॅट बघून सोडला होता, त्याचंही सांगून टाकते. तिथे लीज ७८ वर्षांची उरलेली. ७८ म्हणजे आपल्याला जन्म पुरतो, असं वाटतं. पण ८० च्या खाली गेलं की मुदत वाढवताना जमीनमालकाला जास्तीचा वाटा मोजावा लागतो. २०२४ सालच्या कायद्याने हे काढायचं ठरवलं आहे, तरी ते कलम आम्ही बघत होतो तेव्हा लागू झालेलं नव्हतं. सॉलिसिटरबाई म्हणाल्या, घ्या, पण वाढवून घेऊन मग घ्या. आम्ही घेतलाच नाही.

मग आला तो प्रश्न ज्याची मला अजिबात कल्पना नव्हती. जगात इतर कुठेही तुमच्या मालकीचं घर, किंवा घरातला हिस्सा आहे का?

जगात. मी सरळ 'नाही' लिहायला घेतलं आणि थबकले. वाळवा तालुक्यातलं गावचं घर. बाबा गेल्यावर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर आमच्या तिघांची नावं लागली आहेत, आई, मी आणि धाकटा भाऊ. १९५६ च्या वारसा कायद्याने तिघांना सारखाच वाटा. दोन खोल्या, सोपा, मागे परसात कढीपत्ता, आणि पावसाळ्यात माजघरात येणारा तो ओल्या भिंतीचा आणि जुन्या धान्याचा वास. दिवाळीत आम्ही तिथे उतरतो, चुलीवर पाणी तापवतो, चार दिवसांनी कुलूप लावतो. माझ्या मनात ते घर 'आमचं' होतं, 'माझं' कधीच नव्हतं. इथल्या कराच्या खात्याला तो फरक कळत नाही. तुमच्या दुसऱ्या घरातला वाटा चाळीस हजार पौंडांच्या आत असेल तर दुसऱ्या घराचा वाढीव कर लागत नाही, तेवढं आम्हाला लागू पडलं. पण पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना स्टॅम्प ड्युटीत जी सूट मिळते, तिच्यासाठी अट अशी की तुमच्या नावावर जगात कुठेही कधीही घरातला हिस्सा आलेला नसावा, वारशाने आलेलासुद्धा. आणि दोघं मिळून घेत असाल तर दोघांच्याही. आमच्या घराची किंमत २,८५,००० पौंड. सूट मिळाली असती तर कर शून्य. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी तो झाला ४,२५०.

नवऱ्याच्या नावावर जगात कुठे एक वीट नाही. माझ्या माजघरापायी त्याची सूट गेली. तो हसला, म्हणाला, हा हुंडा उलटा झाला. मी हसले नाही. त्या घरात मला वाटा आहे असं इतक्या स्पष्टपणे आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. गावात कुणी म्हणत नाही, भाऊ म्हणत नाही, मीही म्हणत नाही. मुलींचं नाव लागतं, आणि त्यावर बोलायचं नसतं. ते बोललं ते इथल्या कराच्या फॉर्मने, आणि बिल लावून.

यानंतरचा प्रश्न आम्हा दोघांचा होता. घर दोघांच्या नावावर कसं घ्यायचं? एका पद्धतीत घर अख्खं दोघांचं. एक गेला की आपोआप सगळं दुसऱ्याचं, मृत्युपत्रात काही लिहिलं असलं तरी त्याला विचारत नाही. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येकाचा हिस्सा वेगळा, तो ज्याला हवा त्याला देता येतो, आणि कुणी किती घातले ते वेगळ्या करारात लिहून ठेवता येतं. नवऱ्याने पत्र वाचून पहिल्या चौकटीकडे बोट नेलं, आपण काय वेगळे आहोत का, म्हणून. मीही तेच म्हणणार होते. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर जेवणाच्या टेबलावर टक्के मांडायचे म्हणजे अंगावर काटा येतो. पण मला आईचं ते वहीचं पान आठवलं. म्हटलं, दुसरी. आईचे पैसे माझ्या हिश्श्यात धरू, आणि मी गेले तर तेवढे कुठे जायचे ते मी लिहीन.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग विचारलं, "माझ्यावर विश्वास नाही का?" खरं उत्तर असं होतं की विश्वास आहे, आणि तरीही. या "आणि तरीही"साठी मला नीट वाक्य सुचलं नाही. रात्री भांडी घासताना तोच म्हणाला, की त्याच्या आत्याने असं काही लिहून ठेवलं असतं तर पुढची कोर्टकचेरी टळली असती. सकाळी आम्ही दुसऱ्या चौकटीत खूण केली. माझं मत विचाराल तर ही चर्चा सॉलिसिटरच्या पत्राशिवाय आमच्यात कधीच झाली नसती. आणि पत्रामुळे झाली याचा मला आजही थोडा राग आहे.

व्यवहार पुरा झाला तो कसा, हे आईला समजावता समजावता मी थकले. मिरजेत तिने घर घेतलं तेव्हा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सगळे गेले होते. अंगठे, फोटो, दोन साक्षीदार, बाहेर झाडाखाली चहा, आणि बाबांच्या खिशात पेढ्यांचा पुडा. इथे आम्ही शेजारणीसमोर कागदावर सह्या करून ते टपालात टाकले. नंतर कधीतरी दोन्हीकडच्या सॉलिसिटरांनी फोनवर एकमेकांना ठराविक शब्दांत सांगितलं, वेळ आणि तारीख आपापल्या प्रतीवर लिहिली, आणि झालं. त्या फोनच्या आधी कुणीही मागे फिरलं असतं तर कायदा काही म्हणाला नसता, आजी जास्त पैसे देणाऱ्याकडे वळल्या असत्या तरीही. फोननंतर मात्र दोघंही बांधले गेले, आमचे दहा टक्के अडकले. मी त्या वेळी ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवसाचा केक खात होते. शुक्रवारी पैसे पोचले, एजंटच्या दुकानातून पाकिटात किल्ल्या मिळाल्या. "फोटो नाही काढला?" आईने विचारलं. "कुणी बोलावलंच नाही तुम्हाला?" तिला त्यात काहीतरी कमीपणा वाटला, आणि मलाही तिच्याबरोबर वाटला.

इतके प्रश्न झाले; पण एक कुणी विचारला नाही. आईने हे पैसे मुलीला दिले, हे मुलाला माहीत आहे का? त्याची हरकत आहे का? इंग्लंडच्या कायद्याला याच्याशी देणंघेणं नाही, भारतातल्याही नाही. तिचा पैसा तिच्या कष्टाचा, ती हवा त्याला देईल. आमच्याकडे मात्र हाच पहिला प्रश्न असतो, आणि तो तोंडाने विचारत नाहीत. आईने भावाला सांगितलं आहे असं ती म्हणाली होती. किती सांगितलं ते मी विचारलं नाही. बांगड्यांचं सांगितलं असेल का, याचा विचार मी रात्री करत असे.

नोंदणी व्हायला काही महिने गेले. इथे लँड रजिस्ट्री सगळ्यांना खुली आहे, १९९० सालापासून. सात पौंड भरले की कुणीही कुणाच्याही घराचा उतारा ऑनलाइन काढू शकतं, किंमतीसकट. भावाने काढला. कोल्हापुरात बसून, स्वतःच्या कार्डावर. एका रविवारी त्याचा फोन आला.

"ताई, एवढ्याला घेतलंत?"

"एवढ्यालाच मिळतात इथं."

"आईचं नाव नाही कुठं."

"नसतं. तिने लिहून दिलंय."

"मला सांगितलं तिनं. मीच गेलो होतो नोटरीकडं तिला घेऊन. सराफाकडं पण." मग पानं चाळल्याचा आवाज. "हे खाली काय आहे? एकट्या मालकाने विकलं तर कोर्टाच्या आदेशाशिवाय नोंद होणार नाही, असलं काहीतरी."

मी सांगितलं की ती आमचे हिस्से वेगळे असल्याची खूण आहे. आईचे पैसे माझ्या हिश्श्यात आहेत, आणि मी गेले तर ते कुठे जातील हे मृत्युपत्रात आहे. तुझ्या मुलीचंही नाव आहे त्यात. तो गप्प झाला. मग त्याने बॉयलर किती जुना आहे ते विचारलं, छपराचं विचारलं, कोंबड्यांच्या अटीवर खूप हसला. आणि फोन ठेवता ठेवता, अगदी सहज, म्हणाला, "मग गावच्या घराचं पण एकदा बघायला पाहिजे. तिघांची नावं आहेत."

तासभर बोललो आम्ही. कुणाला काय हवं, छपराचा खर्च कुणी करायचा, आई असेपर्यंत काय आणि नंतर काय. त्याला मागचं परस हवं आहे, तिथे त्याला एक खोली काढायची आहे; हे त्याच्या मनात बाबा असल्यापासून आहे आणि मला आज कळलं. मला काय हवं ते मला सांगता येईना. दिवाळीत चार दिवस, म्हटलं, आणि माजघर आहे तसं. तो म्हणाला, माजघराची भिंत पाडावी लागेल, ओल फार आहे. मी म्हटलं पाडायची नाही. त्यावरून थोडं वाजलंही. शेवटी मी त्याला सांगितलं, हे सगळं एका कागदावर लिहून काढ, तुझं म्हणणं तुझ्या शब्दांत, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. मग मी माझं लिहिते, आणि आईला दोन्ही वाचून दाखवू.

हो म्हणाला आहे. अजून पाठवलेलं नाही.